फोर्डची पहिली मोटार कुणी घेतली? जुन्या विक्री-नोंदी शोधताना या चुका टाळा

१० जुलै १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनीच्या बँक खात्यात २२३ डॉलर ६५ सेंट उरले होते. कंपनीची नोंदणी १६ जूनची, म्हणजे महिनाही उलटला नव्हता. भागधारकांनी रोख भरलेले २८,००० डॉलर सुटे भाग, मजुरी आणि कंत्राटदारांची बिलं यांतच संपत आले होते. पाच दिवसांनी, १५ जुलैला, खात्यात १,३२० डॉलर जमा झाले. त्यातले ८५० शिकागोच्या डॉ. अर्न्स्ट फेनिग यांचे, गाडीची पूर्ण किंमत म्हणून. ३०० इंडियानापोलिसच्या इंडियाना ऑटोमोबाइल कंपनीने दिलेला विसार. उरलेले १७० आयोवा राज्यातल्या ब्रिट गावचे हर्बर्ट मॅकनेरी यांचे, तोही विसारच. मॅकनेरी लोणी तयार करण्याच्या धंद्यातले.

तीन नावं, तीन रकमा, जमा मात्र एकाच दिवशी. फोर्डच्या पहिल्या विक्रीबद्दल आजवर जे गोंधळ झाले, त्यांतले बरेचसे या तीन ओळी नीट न वाचल्यामुळे झालेले आहेत. जुन्या गाड्यांचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींनाही याच ठिकाणी ठेच लागते. म्हणून फोर्डचंच उदाहरण घेऊन या चुका सविस्तर मांडतो.

शोधताय ते नेमकं काय, हे न ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. गाडी विकली जाते तेव्हा कागदावर एक नव्हे, अनेक घटना उमटतात: मागणी आली, विसार आला, पूर्ण पैसे आले, गाडी रेल्वेने रवाना झाली, गिऱ्हाइकाच्या हाती पडली. यांतली प्रत्येक घटना वेगळ्या वहीत जाते आणि प्रत्येकीची तारीख वेगळी असते. फेनिग यांचे पैसे १५ जुलैला जमा झाले आणि गाडी त्यांच्या ताब्यात गेल्याची तारीख २३ जुलै दिली जाते. एक लेखक १५ लिहितो, दुसरा २३, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोघांपैकी एक चुकला. दोघंही बरोबर असू शकतात. पहिला रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, वाचतो आहे आणि दुसरा रवानगीचा कागद.

त्यातही विसार आणि विक्री यांची गल्लत फार होते. जानेवारी १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात कॅडिलॅक या दुसऱ्या मोटार कंपनीच्या विल्यम मेट्झगर यांनी दहा-दहा डॉलर घेऊन २,२८६ मागण्या नोंदवल्या. हा आकडा अनेक ठिकाणी ‘इतक्या गाड्या विकल्या’ असा छापलेला सापडतो. त्या क्षणी कॅडिलॅकच्या हातात तयार गाड्या जेमतेम होत्या. फोर्डच्या बाबतीत ६५० हा आकडा असाच फसवतो. डॉज बंधू या कंत्राटदारांनी फोर्डला प्रत्येकी २५० डॉलरला ६५० यंत्रसांगाडे, म्हणजे इंजिनासह गाडीचे सांगाडे, पुरवायचे, असा करार होता. तो खरेदीचा करार आहे, विक्रीचा हिशेब नव्हे.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. इंडियाना ऑटोमोबाइल कंपनी हे मोटारी विकणारं दुकान होतं. कारखान्याच्या खतावणीत, म्हणजे नावनिशी हिशेबाच्या वहीत, गाडी दुकानाच्या नावे पडली की कारखान्यापुरती विक्री झाली. ती शेवटी कुणी चालवली, हे त्या वहीत असेलच असं नाही. एखादं घराणं सांगतं की आमच्या पणजोबांनी अमुक साली नवी फोर्ड घेतली, आणि कंपनीच्या कागदांत त्यांचं नाव मिळत नाही. अशा वेळी लगेच घराण्याला खोटं पाडू नका. आधी त्या गावात वा जवळच्या शहरात दुकान कुणाचं होतं ते काढा आणि मग दुकानाच्या नावाने वही पुन्हा वाचा. हाती दुकानाचे कागद लागले, तर दर्शनी हुंडी (दाखवताच पैसे भरायचा बँकेचा कागद) आणि रेल्वेची बिल्टी (माल सोडवण्याची पावती) एकत्र टाचलेली आहे का ते बघा. त्या काळी माल बहुतेक असाच सुटायचा: बँकेत हुंडीचे पैसे भरा, मग बिल्टी मिळेल, मग गाडी सोडवून घ्या. हुंडी चुकती झाल्याची तारीख म्हणजे दुकानाने गाडी ताब्यात घेतल्याची सगळ्यात जवळची तारीख.

एकाच माणसाच्या निरनिराळ्या कंपन्या एक समजणं

हेन्री फोर्ड यांनी विकलेली पहिली गाडी आणि फोर्ड मोटर कंपनीने विकलेली पहिली गाडी या वेगळ्या आहेत. १८९६ साली डेट्रॉइटमध्ये बनवलेली चारचाकी, क्वाड्रिसायकल, फोर्ड यांनी चार्ल्स एन्सली नावाच्या गृहस्थांना २०० डॉलरला विकली होती आणि पुढे ती परतही विकत घेतली. १८९९ मध्ये डेट्रॉइट ऑटोमोबाइल कंपनी निघाली आणि दीड-दोन वर्षांत मिटली. १९०१ च्या अखेरीस हेन्री फोर्ड कंपनी निघाली. १९०२ मध्ये फोर्ड तिच्यातून बाहेर पडले आणि तीच कंपनी कॅडिलॅक झाली. १९०३ ची कंपनी ही त्यानंतरची. त्यामुळे १९०१-०२ चा एखादा कागद ‘हेन्री फोर्ड कंपनी’ या शीर्षकाखाली मिळाला, तर तो आजच्या फोर्डचा नसून कॅडिलॅकच्या पूर्वेतिहासाचा असतो.

मॉडेलच्या नावाचंही तेच. १९०३ च्या गाडीचं नाव मॉडेल ए. १९२७ साली मॉडेल टी बंद झाल्यावर फोर्डने नव्या गाडीला पुन्हा मॉडेल ए हेच नाव दिलं. ती गाडी लाखांनी खपली, म्हणून संगणकावर नुसतं नाव टाकून शोधलं की तिचेच कागद ढिगाने पुढे येतात. नावासोबत साल टाकाच. शिवाय ‘दोन सिलिंडर’ किंवा ‘मॅक अॅव्हेन्यू’ यांपैकी काहीतरी जोडा. पहिली मॉडेल ए डेट्रॉइटच्या मॅक अॅव्हेन्यूवरच्या शेडमध्ये जुळवली जायची.

गाडीचा क्रमांक म्हणजे विक्रीचा क्रम, असं धरून चालणं

याचं उत्तम उदाहरण म्हणजे मॅकनेरी यांची गाडी. ती आजही शाबूत आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी इथे तिचा लिलाव झाला आणि हेन्री फोर्ड यांचे पणतू विल्यम क्ले फोर्ड ज्युनियर यांनी ती घेतली. विक्रीच्या हिशेबात ती पहिल्या तिघांतली. तिच्यावरचा क्रमांक मात्र ३० आहे. नुसता क्रमांक बघणारा माणूस तिला तिसावी विक्री म्हणून मोकळा झाला असता, आणि एका फार मोलाच्या गाडीचं स्थान कायमचं हरवलं असतं.

क्रमांक जुळणीच्या वेळी पडतो आणि गाडी बाहेर पडते ती मागणीप्रमाणे. शिवाय इंजिन बदललं जातं, पाटी दुसऱ्या गाडीला लावली जाते. म्हणून क्रमांक हा दुजोऱ्याला घ्यावा. मुख्य पुरावा पैशांच्या आणि रवानगीच्या नोंदींतून यायला हवा. क्रमांक आणि नोंद जुळत नसतील, तर नोंद फेकून देण्याआधी क्रमांक कशावर कोरलेला आहे ते विचारा: इंजिनवर, सांगाड्यावर की पाटीवर?

आठवणींना खतावणीचा मान देणं

हेन्री फोर्ड यांचं आत्मकथन १९२२ साली आलं. पहिल्या वर्षी १,७०८ गाड्या बनवून विकल्या, असं ते त्यात सांगतात. साध्या गाडीची किंमत ८५० डॉलर आणि मागच्या आसनांच्या सुट्या भागाचे वर १०० डॉलर, असंही म्हणतात. पण १९०३ च्या उन्हाळ्यातल्या जाहिरातींचा हिशेब वेगळा आहे: साधी गाडी ७५० आणि मागच्या आसनांसह ८५०. फेनिग यांचे ८५० डॉलर या दुसऱ्या हिशेबात बसतात, म्हणजे त्यांची गाडी मागच्या आसनांची. आत्मकथनावर विसंबलात तर तीच गाडी साधी दोनआसनी ठरते. मालकाने स्वतः सांगितलं म्हणून ते खरंच असेल, असं नाही. एकोणीस वर्षांनी किमती आठवताना कुणाचंही इकडचं तिकडे होतं. अशा ठिकाणी मी त्या वर्षीच्या छापील कागदाच्या बाजूने उभा राहतो.

१,७०८ या आकड्याचीही काळजी घ्या. तो १९०३-०४ च्या हिशेबी वर्षाचा आहे, पण कितीतरी तक्त्यांत तो नुसता १९०३ या सालापुढे ठोकून दिलेला असतो. दुसरीकडे मॉडेल ए गाड्या एकूण १,७५० असाही आकडा भेटेल. एकाची मोजणी वर्षावर आहे आणि दुसऱ्याची मॉडेलवर. त्यांची वजाबाकी करून त्यातून काही सिद्ध करायला जाऊ नका.

नाव आणि तारीख जशी दिसली तशी उतरवणं

शिकागोच्या डॉक्टरांचं आडनाव काही ठिकाणी फेनिग, काही ठिकाणी फेनिंग असं मिळतं. बहुतेक जण त्यांना दंतवैद्य म्हणतात, काही जण नुसतं डॉक्टर. जर्मन आडनावं अमेरिकी कारकुनांच्या हातून अशीच बदलत गेली. उपाय सोपा आहे: जेवढी रूपं सुचतील तेवढी शोधा, आणि त्या शहराच्या त्या वर्षीच्या पत्ते-व्यवसायाच्या डिरेक्टरीत कोणतं रूप आहे ते पडताळा. १९०० आणि १९१० च्या अमेरिकी जनगणनेचाही उपयोग होतो.

तारखांमध्ये तर आपली हमखास फसगत होते. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ७-१०-०३ म्हणजे १० जुलै, ७ ऑक्टोबर नव्हे. बाराच्या आतल्या तारखांना ही चूक डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून नोंद उतरवताना महिना नेहमी अक्षरांत लिहा.

फक्त कंपनीच्याच कागदांत शोधणं

फोर्डचे सुरुवातीचे पुष्कळ कागद मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथल्या बेन्सन फोर्ड संशोधन केंद्रात आहेत. तिथे लिहिताना ‘पहिल्या विक्रीची माहिती हवी’ एवढंच लिहू नका. मॉडेल, तारखांची कक्षा, शहर आणि असल्यास गाडीचा क्रमांक एवढं पहिल्याच पत्रात द्या.

पण कंपनीबाहेरही खूप आहे. ऑक्टोबर १९०३ मध्ये सेल्डन पेटंटचा, म्हणजे पेट्रोल मोटारीवरच्या हक्काचा, फोर्डवर दावा लागला, तेव्हा फोर्डचे न्यूयॉर्कचे विक्रेते सी. ए. ड्युअर यांनाही कोर्टात ओढलं गेलं, आणि फोर्ड गाडी विकत घेतलेल्या ओ. जे. ग्यूड कंपनीलाही. खटल्याच्या कागदांत गिऱ्हाईक, विक्रेता आणि कारखाना एकत्र भेटतात, हे मला फार मोलाचं वाटतं. अशी साखळी खतावणीत क्वचितच मिळते. हा खटला १९११ पर्यंत चालला, तेव्हा वाचायला भरपूर आहे.

सरकारी नोंदणीच्या वह्या मात्र साल बघून उघडा. न्यूयॉर्क राज्यात मोटारींची नोंदणी १९०१ पासून होती. इलिनॉय राज्याने ती १९०७ मध्ये सुरू केली. म्हणजे फेनिग यांची गाडी १९०३ च्या राज्य-नोंदणीत सापडणारच नाही, आणि ती न सापडणं हा कशाचाच पुरावा होत नाही. अशा ठिकाणी शहराचे परवाने आणि स्थानिक वृत्तपत्रं हाताशी घ्या. लहान गावात पहिली मोटार आली की त्या आठवड्याच्या पेपरात ती बातमी होत असे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने अशी हजारो जुनी वृत्तपत्रं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत.

भारतात आलेल्या फोर्डचा माग डिअरबॉर्नला काढणं

आपल्याकडच्या शोधकांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. १९०४ साली डेट्रॉइट नदीपलीकडे, ओंटारिओतल्या वॉकरव्हिल इथे, फोर्ड मोटर कंपनी ऑफ कॅनडा स्थापन झाली. ही स्वतंत्र कंपनी होती आणि ब्रिटन-आयर्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्यातल्या विक्रीचा हक्क तिच्याकडे होता. भारत त्यातच आला. १९२६ मध्ये मुंबईत जी फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडिया निघाली, तीही कॅनडाच्याच कंपनीची शाखा. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या एखाद्या घरातल्या जुन्या फोर्डची नोंद अमेरिकी वह्यांत नाही मिळाली, तर ‘नोंदच नाही’ असं लिहून फाइल बंद करू नका. गाडीवरच्या पाटीवर कॅनडाचा उल्लेख आहे का ते आधी पाहा. गोव्याच्या गाडीबाबत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. तिथे तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं, म्हणून ती मुंबईहून आणली की थेट बोटीने उतरवली, हे ठरल्याशिवाय कोणत्या देशाचे जकातीचे कागद चाळायचे तेच कळणार नाही.