टाकळा ओळखायचा तर फुलाकडे बघू नका

श्रावण लागला की पुण्याहून भाचीचे फोटो यायला लागतात. पिवळं फूल अगदी जवळून काढलेलं, बाकी सगळं धूसर, आणि खाली प्रश्न, "मावशी, हा टाकळाच ना?" आता यावर काय सांगणार! टाकळा ही पावसाळ्यातली रानभाजी, पण टाकळा, कासविंदा, तरवड सगळे एकाच गोतातले. पाच पिवळ्या पाकळ्या सगळ्यांनाच. शिवाय फूल येईस्तोवर भाजी जून झालेली असते. टाकळा खायचा तो मृग-आर्द्रात, रोप वीतभरही नसतं तेव्हा. म्हणून पान ओळखायला शिका.

एक देठ खुडून तळहातावर पसरा. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा पानं. टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. पान देठाकडे निमुळतं, टोकाला गोल. आता देठ उजेडाकडे धरा आणि सर्वांत खालच्या जोडीच्या बेचक्यात बघा. तिथे एक बारीक केशरी कणी उभी दिसेल, बहुतेक वेळा तिच्या वरच्या जोडीतही. माझा सगळा भरवसा या कणीवर. हे सकाळीच बघायचं. सांज झाली की टाकळा पानं मिटून घेतो, मग जोड्या मोजत बसावं लागतं.

गल्लत होते ती कासविंद्याशी. त्याचं पान टोकदार, जोड्या बहुधा चार-पाच, आणि कणी पानांच्या बेचक्यात नाही, तर देठ खोडाला चिकटतो तिथे, अगदी बुडाशी. वासावर जाऊ नका, चुरगळले की दोघेही उग्रच. शेंगा धरल्यावर मात्र पोरही ओळखेल. टाकळ्याची शेंग काडीसारखी बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी, कडा फिकट. कासविंद्याच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावली आहेत. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर घाला येतो.

देशावर रस्त्याकडेला आणखी एक भाऊबंद माजलाय, मूळचा अमेरिकेतला, शास्त्रीय नाव सेना युनिफ्लोरा. अंगभर लव, शेंग आखूड आणि दोन बियांमध्ये दबलेली, कणी प्रत्येक जोडीत. गाजर गवताला हटवतो म्हणून त्याचं कौतुक होतं, ते होऊ दे, पण टोपलीत नको. तरवड तर सरळ झुडूपच, एका देठावर आठ-दहा जोड्या. त्याला टाकळा म्हणणाऱ्याला मी भाजी आणायला पाठवणार नाही.

बाजारात विदर्भात तरोटा मागा, गोव्यात तायकिळो, भाजी तीच. जुडी घेतलीत तरी सोडून दोन-चार देठ बघाच, कारण खुडणाऱ्याच्या मुठीत काय येईल सांगता येत नाही. खुडायला स्वतः गेलात तर फक्त कोवळा शेंडा घ्या, तणनाशक मारलेला बांध टाळा. आमच्याकडे कांद्या-लसणावर परतून फणसाच्या आठळ्या, म्हणजे बिया, घालतात, वरून ओलं खोबरं. आठळ्या आधी उकडून घ्या. टाकळा झटकन शिजतो, त्या नाही.