दिवाणी दाव्यात मोफत वकील: अर्ज कुठे, कधी, कसा करायचा

दिवाणी कोर्टाचं समन्स आलं आणि वकिलाची फी परवडत नसेल, तर आधी समन्स कोणत्या दिवशी हातात पडलं ते त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायची ३० दिवसांची मुदत त्या दिवसापासून मोजतात. बरेच जण ती कोर्टातल्या पहिल्या तारखेपासून धरतात आणि तिथेच फसतात. कारण दाखवून कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. समन्स नाकारून काहीही साधत नाही, कारण नाकारलेलं समन्स बजावलेलंच समजलं जातं.

मोफत वकिलासाठी अर्ज करायचा तो दावा तालुक्याच्या कोर्टात असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे, जिल्हा न्यायालयात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. दोन्हींची कार्यालयं सहसा कोर्टाच्या आवारातच असतात. न सापडल्यास १५१०० या हेल्पलाइनवर विचारा. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती, आपत्तिग्रस्त, यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट नाही. नोकरदार बाईलाही हा हक्क आहे. ‘तुम्हाला पगार आहे’ म्हणून कोणी परत पाठवत असेल तर कलम १२ दाखवा. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, असं कलम १३ सांगतं. तहसीलदारांचा दाखला मिळायला वेळ लागणार असेल तर प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज आजच द्या.

अर्जासोबत समन्स, दाव्याची प्रत, आधार कार्ड, लागू असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, आणि वादाचे कागद जोडा. जमिनीचा वाद असेल तर सातबारा, आठ-अ आणि फेरफार हवेतच. लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक अर्ज भरून देतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. अर्जावर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर त्याच प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

अर्ज दिला म्हणजे दावा थांबला असं मात्र नाही. वकील नेमला जाण्याआधी तारीख आली तर स्वतः कोर्टात जा, पुकारा होईपर्यंत थांबा आणि लेखी मुदत अर्ज द्या. एवढा मजकूर पुरतो (‘रे. मु. नं.’ म्हणजे दाव्याचा नंबर): ‘रे. मु. नं. अमुक. मी यातील प्रतिवादी असून वकील नेमण्याची माझी ऐपत नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला आहे, पोच सोबत जोडली आहे. कैफियत देण्यास मुदत मिळावी.’ खाली सही आणि तारीख. गैरहजर राहिलात तर दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम होऊ शकतो. तो झालाच तर निकाल लागण्याआधी हजर होऊन, गैरहजेरीचं कारण सांगून तो रद्द करून मागता येतो. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे अंतिम निकाल, झाल्यावर मात्र तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला सहसा ३० दिवसच मिळतात.

समन्ससोबत ‘निशाणी ५’ चा अर्ज आला आहे का, तेही तपासा. तो तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो आणि त्याची सुनावणी कैफियतीच्या आधीही होऊ शकते. आला असेल तर कार्यालयात पहिल्याच वाक्यात ते सांगा.

पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलांना मानधन प्राधिकरण देतं. झेरॉक्स, टायपिंग, ‘वरचा खर्च’ या नावाखाली त्यांनी पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात; मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा. केंद्र सरकारच्या न्यायबंधू उपक्रमातून फी न घेणारे स्वेच्छा वकीलही मिळू शकतात.

वकील नेमला गेला की वकीलपत्रावर सही करण्याआधी दाव्याचा नंबर नीट पाहा. पहिल्या भेटीला घटनाक्रम एका पानावर नेऊन द्या: तारीख, काय झालं, त्याचा कागद कोणता. मूळ कागद स्वतःजवळ ठेवा, प्रती द्या. पुढे १६ अक्षर-अंकांच्या सीएनआर नंबरवरून (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र नंबर) ई-कोर्ट्स ॲपवर तारखा स्वतः बघत जा. पॅनेल वकिलाकडे एकाच दिवशी अनेक तारखा असतात. आदल्या दिवशी केलेला एक फोन गैरहजेरी टाळतो.

प्रकरण लोकअदालतीत ठेवलं गेलं तर तडजोडीचा शब्द न् शब्द वाचून घ्या. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. वाटणीत कुणाला कोणत्या गटातली किती गुंठे जमीन, ताबा कधी, रस्ता कुठून, हे कागदावर नसेल तर सही करू नका.

निकाल विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात आणि त्यासाठी मोफत वकिलाचा नवा अर्ज द्यावा लागतो. निकालाची नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण या वगळायच्या दिवसांची मोजणी सुरू होते ती नकलेचा अर्ज दिल्यावर. म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या.