सरकारी नियमाच्या मसुद्यावर हरकत कशी नोंदवायची

कायदा संसदेत किंवा विधानसभेत होतो, पण रोजच्या जगण्यात आपल्याला आडवं येतं ते बरेचदा नियमातलं एखादं कलम असतं, आणि नियम खातं करतं. बऱ्याच कायद्यांत अट असते की नियम करायच्या आधी मसुदा छापून लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या. केंद्राच्या कायद्यात अशी अट असेल तर आलेल्या हरकतींचा विचार करणं १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २३ प्रमाणे बंधनकारक आहे. तुमचं ऐकलंच पाहिजे असं नाही, पण विचार केलाच पाहिजे, त्यामुळे विचार करायला भाग पडेल असं लिहायचं.

आधी मूळ मसुदा मिळवा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सारांशावर जाऊ नका. केंद्राचा ई-गॅझेटच्या, म्हणजे ऑनलाइन राजपत्राच्या, साइटवर मिळतो, राज्याचा शासन राजपत्रात किंवा त्या खात्याच्या साइटवर. हरकत कोणाच्या नावे, कुठल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर आणि कधीपर्यंत पाठवायची हे त्यातच दिलेलं असतं. पर्यावरण कायद्याखालच्या मसुद्यांना साधारण ६० दिवस मिळतात, आणि ते राजपत्राची प्रत लोकांना उपलब्ध झाल्यापासून मोजतात, पेपरात बातमी आली तेव्हापासून नाही, म्हणून बातमी वाचलीत की त्याच दिवशी तारीख बघून घ्या.

आता लिहायचं कसं, खरी मेहनत इथेच आहे. २०२० चा ईआयएचा मसुदा घ्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायचे नियम. २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीच्या आधी किमान ३० दिवसांची नोटीस होती, मसुद्यात ती २० दिवस केली होती. यावर "हा मसुदा रद्द करा, पर्यावरण वाचवा" एवढंच लिहिलं तर भावना खरी असली तरी अधिकाऱ्याला त्याचं काही करता येत नाही. त्यापेक्षा कलमाचा नंबर टाका, मग लिहा की २० च्या जागी ३० दिवसच ठेवा, कारण अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत असतो, गावात तो समजून सांगणारा माणूस शोधायलाच आठवडा जातो, पेरणीच्या दिवसांत ग्रामसभेला माणसं जमत नाहीत. कलम, बदल, कारण. एका कलमाला एक परिच्छेद पुरे. आणि कारण तुमच्या गावातलं, तुमच्या धंद्यातलं द्या, ते मंत्रालयात बसलेल्या माणसाला माहीत नसतं. तयार मजकूर कॉपी-पेस्ट करून पाठवणं काहीच न पाठवण्यापेक्षा बरं, पण त्यात तुमच्या दोन ओळी तरी घाला.

मराठीत लिहिलं तर चालेल का असं खूप जण विचारतात. राज्य सरकारला बिनधास्त मराठीत लिहा. दिल्लीला पाठवताना मराठीसोबत हिंदी किंवा इंग्रजी पान जोडलंत तर वाचलं जायची शक्यता वाढते. भाषेचा मुद्दा हक्काने मांडा, याच ईआयए मसुद्याचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत अनुवाद करा असं दिल्ली हायकोर्टाने सांगितलं होतं आणि हरकतींची मुदतही ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवून दिली होती. म्हणजे मुदत अपुरी वाटली तर मुदतवाढ मागणं हीसुद्धा हरकतच आहे, ती लवकर मागा.

वीजदराचं थोडं वेगळं असतं. तिथे कंपनी याचिका करते, पेपरात जाहिरात येते आणि राज्य वीज नियामक आयोग सुनावणी घेतो, तेव्हा लेखी हरकतीतच "मला सुनावणीत बोलायचं आहे" असं स्पष्ट लिहून टाका.

पाठवल्यावर पोच जपून ठेवा, ईमेल असेल तर सेंट कॉपी, टपाल असेल तर स्पीड पोस्टची पावती. अंतिम नियम आला की मसुद्याशेजारी ठेवून आपलं कलम बदललं का ते बघा. बदललं नसेल तर १० रुपये फी भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, त्यात किती हरकती आल्या, त्यांचा गोषवारा आणि त्या का मान्य केल्या नाहीत याच्या फाइलवरच्या टिपण्यांच्या प्रती मागा.