कूलर, कर्नेल आणि ४०.९६ अंश: ड्रायव्हरसाठी स्वतःच्या कमांड कशा ठरवाव्यात

नागपुरात मे महिन्यात पडद्यावर ४०.९६ अंश तापमान दिसलं, तर त्यात कोणाला काही खटकत नाही. मलाही खटकलं नाही. घरच्या कूलरला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडून मी एक लिनक्स कर्नेल मॉड्यूल लिहिलं होतं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) बसून यंत्र चालवणारा ड्रायव्हर. त्यात तीन कमांड होत्या: पंख्याचा वेग ठरवणं, तापमान वाचणं आणि टाकीतलं पाणी पाहणं. आळस करून त्यांना नुसते १, २, ३ असे आकडे दिले होते. पंखा चालला, पाणीही बरोबर दिसलं. रात्री बाबा म्हणाले, "अकरा वाजले, आन् अजून एक्केचाळीसच? बिघडलं दिसते बाप्पा तुझं यंत्र."

सेन्सर ठणठणीत होता. गंमत अशी की २ हा आकडा कर्नेलने आधीच स्वतःसाठी ठेवलेला आहे: फाइल सिस्टिमच्या ब्लॉकचा आकार सांगण्यासाठी. माझी कमांड ड्रायव्हरपर्यंत पोचतच नव्हती. कर्नेल वाटेतच तिला उत्तर देऊन मोकळा होत होता, ४०९६ बाइट. मी तापमान अंशाच्या शंभराव्या भागात मोजत होतो, म्हणून झाले ४०.९६. डिसेंबर असता तर पहिल्याच मिनिटाला चूक सापडली असती.

तेव्हा पहिलं काम म्हणजे कमांडला नुसता आकडा न देता पूर्ण क्रमांक बांधणं. युनिक्समध्ये यंत्रही फाइलसारखंच उघडतात. वाचणं आणि लिहिणं यांत न बसणारी कामं त्याला सांगण्यासाठी आयऑक्टल हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नेलकडे केलेली मागणी) आहे, १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून. त्याच्या कमांडचा क्रमांक ३२ बिटांचा असतो. इंटेल आणि आर्म प्रोसेसरांवर खालचे ८ बिट कमांडचा अनुक्रमांक, त्यावरचे ८ ड्रायव्हरची खूण, मग १४ बिट माहितीचा आकार आणि सगळ्यात वर २ बिट दिशा. नमुना पाहायचा तर एसपीआय (सेन्सरसारखे भाग जोडण्याची पद्धत) ड्रायव्हरची मोड ठरवण्याची कमांड हेक्समध्ये ४० ०१ ६बी ०१ अशी दिसते. शेवटचे ०१ म्हणजे अनुक्रमांक, ६बी म्हणजे इंग्रजी लहान 'के' हे अक्षर, त्याआधीचे ०१ म्हणजे एक बाइट माहिती आणि ४० म्हणजे ती प्रोग्रॅमकडून कर्नेलकडे जाते.

हे बिट हाताने जुळवत बसू नका. त्यासाठी चार मॅक्रो, म्हणजे कोडचे तयार साचे आहेत, चारही अंडरस्कोरने सुरू होणारे: माहिती नसेल तर आयओ, वाचायची असेल तर आयओआर, पाठवायची असेल तर आयओडब्ल्यू, दोन्ही असेल तर आयओडब्ल्यूआर. वाचणं-लिहिणं नेहमी प्रोग्रॅमच्या बाजूने धरायचं. ड्रायव्हर लिहिताना आपण कर्नेलच्या आत बसलेलो असतो, म्हणून इथे हमखास उलटं होतं. मॅक्रोला तिसरी गोष्ट द्यायची ती प्रकाराचं नाव. त्याला साइझऑफ लावू नका, मोजमाप मॅक्रो स्वतःच करतो.

खुणेचं अक्षर मनाला येईल ते घेऊ नये. कूलरचा 'के' मला फार आवडला होता, पण तो एसपीआयवाल्यांकडे आहे आणि मोठा 'के' कन्सोलच्या कीबोर्डकडे. कर्नेलच्या दस्तऐवजांत आयऑक्टल क्रमांकांची यादी आहे. त्यातली मोकळी जागा पाहूनच खूण ठरवा. चुकून दुसऱ्याच यंत्राची फाइल उघडली गेली, तर वेगळ्या खुणेमुळे कमांड नाकारली जाते, भलतं काही घडत नाही.

हे सगळं एका हेडर फाइलमध्ये ठेवा आणि तीच फाइल मॉड्यूल व प्रोग्रॅम दोघांनाही द्या. दोन प्रती केल्या की एक दिवस त्या वेगळ्या होणारच. कमांडबरोबर जाणारी माहिती ज्या स्ट्रक्चरमध्ये भरता त्यात लाँग किंवा पॉइंटर टाळा, ३२ बिटांचा ठरलेल्या मापाचा पूर्णांक वापरा. ६४ बिट कर्नेलवर ३२ बिटांचा जुना प्रोग्रॅम चालवला की लाँगची लांबी दोन्हीकडे वेगळी पडते. एक बाइटच्या रकान्यानंतर चार बाइटचा रकाना आला, तर मधल्या तीन रिकाम्या बाइटमधून कर्नेलच्या मेमरीतला कचरा बाहेर जाऊ शकतो. म्हणून स्ट्रक्चर आधी शून्याने भरून घ्या.

आता ड्रायव्हरमधलं फंक्शन. ते फाइल ऑपरेशन्स या, ड्रायव्हरची फंक्शन्स नोंदवण्याच्या स्ट्रक्चरमधल्या 'अनलॉक्ड आयऑक्टल' या रकान्यात नोंदवा. जुन्या लॅब मॅन्युअलमध्ये अजूनही नुसता 'आयऑक्टल' रकाना दाखवतात, तो २.६.३६ आवृत्तीत, म्हणजे २०१० मध्ये काढून टाकला आहे. त्यामुळे ते कोड आज कंपाइलच होत नाही. नाव अनलॉक्ड आहे, तेव्हा कुलूप आपणच लावायचं: दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी पंख्याचा वेग बदलू नये म्हणून म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप.

आत एक स्विच लिहा, प्रत्येक कमांडला एक केस. प्रोग्रॅमने दिलेल्या पत्त्यावर थेट हात घालू नका. कॉपी-फ्रॉम-यूजर आणि कॉपी-टू-यूजर वापरा. ही फंक्शन्स किती बाइट राहून गेले ते सांगतात, म्हणून शून्य सोडून काहीही आलं की उणे ई-फॉल्ट हा एरर कोड परत करा. आलेली किंमत मर्यादेत आहे का तेही इथेच तपासा. आमच्या पंख्याला तीनच वेग आहेत, चौथा मागणाऱ्याला उणे ई-इनव्हॅल. अनोळखी कमांडला मात्र उणे ई-नॉट-टीटीवाय. हे टर्मिनलच्या जमान्यातलं विचित्र नाव आहे, पण रीत तीच.

चाचणीसाठी मॉड्यूल चढवा, छोटा सी प्रोग्रॅम चालवा आणि तो एस-ट्रेसखाली पाहा. प्रोग्रॅमचा प्रत्येक सिस्टिम कॉल छापून दाखवणारं हे साधन आहे. माझी चूक तिथेच पकडली गेली: माझ्या 'तापमान वाचा' कमांडसमोर एस-ट्रेसने ब्लॉक-आकाराच्या कमांडचं नाव छापलं होतं. क्रमांक नीट बांधल्यावर तिथे दिशा, खूण, अनुक्रमांक आणि आकार सुटे सुटे दिसू लागले, आणि तापमानही हलू लागलं.

एकदा प्रोग्रॅम वापरात आला की जुन्या कमांडचा क्रमांक किंवा स्ट्रक्चर बदलू नका, नवी कमांड जोडा. पुढच्याच आठवड्यात बाबांना पंखा चालू ठेवून फक्त पंप बंद करायची सोय हवी झाली. तिला अनुक्रमांक ४ दिला.