गाइडबरोबर पेपर वाचायला बसण्याआधी

पीएचडीच्या गाइडबरोबर पेपर (शोधनिबंध) वाचायची बैठक शनिवारी असेल तर पेपर सोमवारीच ठरवा आणि दोघांकडे एकच आवृत्ती आहे ना, ते बघा. एसएसआरएन या संकेतस्थळावरचा वर्किंग पेपर (छापण्याआधीचा मसुदा) आणि जर्नलमध्ये छापून आलेला पेपर यांत तक्ते, नमुना, कधी निष्कर्षसुद्धा बदललेला असतो. तासाभराच्या बैठकीला एकच पेपर पुरे. आठवड्याला पाच-सात पेपर ‘झाले’ म्हणणाऱ्यांनी बहुधा सारांशच वाचलेले असतात, आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ते पहिल्या दोन प्रश्नांत कळतं.

कॉलेजकडे एन-लिस्ट (ऑनलाइन जर्नलं वाचायची सोय) असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रबंधाची संदर्भसूची जरूर वापरा, पण त्यातला रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा) उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांच्या वर साम्य निघालं की काम परत येतं. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याने चुकवलेलं वर्ष किंवा उलटा लावलेला अर्थ तुमच्या नावावर चढतो. मूळ पेपर हातात नसेल तर तो वाचल्याचं लिहू नका.

शक्यतो झेरॉक्सवर, पेन्सिल घेऊन वाचा. पहिल्या फेरीला वीस मिनिटं: सारांश, प्रस्तावनेचा शेवट, तक्त्यांची शीर्षकं, निष्कर्ष. मग पेपर बाजूला ठेवून लेखकाचा प्रश्न एका मराठी वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर पेपर अजून कळलेला नाही. दुसरी फेरी पद्धत आणि तक्त्यांवर, निदान दीड तास. माहिती कुठून घेतली, कोणत्या काळातली, एकक काय (शेतकरी, दुकान की कारखाना), अवलंबून चल (ज्यातला बदल समजावून सांगायचाय तो घटक) कोणतं, हे वहीत उतरवा. तक्ता आधी स्वतः वाचा, त्यावरचं लेखकाचं भाष्य नंतर. आकड्याचं चिन्ह (अधिक की उणे) आणि आकार बघून मगच तारे (परिणाम निव्वळ योगायोग नसल्याची सांख्यिकी खूण) मोजा. मोठ्या नमुन्यात अगदी किरकोळ परिणामालाही तीन तारे मिळतात.

नमुन्यापाशी मात्र रेंगाळाच. आपल्याकडच्या प्रबंधांत नमुन्याचा आकार म्हणून ३८४ हा आकडा हमखास भेटतो. तो ९५ टक्के विश्वास, पाच टक्के चूक आणि प्रमाण निम्मं धरून येतो. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. समूह फक्त हजाराचा असेल तर २७८ पुरतात. पण हे सगळं यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) निवड गृहीत धरून आहे. मार्केट यार्डात जे भेटले त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतले, तर ३८४ लिहून त्या पाच टक्क्यांची हमी मिळत नाही. पेपरात आकडा दिसला की निवड कशी केली ते शोधा. सापडलं नाही तर तोच गाइडसाठी पहिला प्रश्न.

एकूण प्रश्न तीन, प्रत्येकाला पान आणि तक्ता क्रमांक. एक न समजलेल्या जागेचा, एक शंकेचा, एक तुमच्या विषयाला जोडणारा. समजा विषय सांगलीच्या हळदीच्या भावाचा आहे आणि पेपर एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारातल्या वायद्यावर (पुढच्या तारखेच्या सौद्यावर), तर भाव कोणत्या बाजाराचा धरलाय ते बघा. निजामाबादच्या भावावरून काढलेला निष्कर्ष सांगलीच्या राजापुरी हळदीला लागू होतो का, या एका प्रश्नावर अख्खा तास सत्कारणी लागतो. ‘सर, पेपर कठीण वाटला’ यावर गाइड काय बोलणार? प्रश्न आदल्या संध्याकाळी पाठवून द्या, म्हणजे त्यांनाही ती पानं पुन्हा चाळता येतात.

बैठकीला वही, पेपरची प्रत, लागलाच तर कॅल्क्युलेटर एवढंच न्या. गाइड बोलताना सगळं उतरवून घेऊ नका. मतभेद झाला ती जागा तेवढी खूण करा. त्याच दिवशी दीडशे शब्दांची नोंद झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेपरलाच जोडून ठेवा, पान क्रमांकांसह. लेखकाचं म्हणणं आणि तुमचं मत वेगवेगळ्या परिच्छेदांत असू द्या, कारण सहा महिन्यांनी रिव्ह्यू लिहिताना कुठलं वाक्य कुणाचं हे आठवत नाही आणि नकळत होणारी चोरी बहुतेक तिथेच घडते. पुढचा पेपर उठण्याआधीच ठरवून घ्या, शक्यतो याच लेखकाला खोडून काढणारा.