हिशेबात पाणी धरा: जैवरेणूंचे रसायनशास्त्र नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी.च्या जैवरसायनशास्त्राकडे वळलेल्यांना वीस अमिनो आम्लांची नावे किंवा बंधांचे प्रकार नव्याने सांगावे लागत नाहीत. तरीही पहिल्या सत्रात अनेक जण गांगरतात. मीही गांगरलो होतो, आणि त्याचे कारण पाठांतरातील उणीव हे नव्हते. दोन रेणू एकमेकांजवळ आले की त्यांच्यात कोणता बंध तयार होईल, एवढाच विचार करण्याची सवय आपल्याला लागलेली असते. ते दोन्ही रेणू आधीपासून पाण्यात बुडालेले आहेत, ही गोष्ट त्या विचारातून निसटते.

माझी सर्वांत मोठी कोंडी हायड्रोजन बंधांपाशी झाली. तक्त्यात कार्बन-कार्बन बंधासमोर सुमारे 350 आणि हायड्रोजन बंधासमोर सुमारे 20 किलोजूल प्रति मोल असे आकडे असतात. प्रथिनात असे शंभर हायड्रोजन बंध असतील, तर त्याला 2000 किलोजूलचे स्थैर्य मिळायला हवे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात घडी पडलेले प्रथिन आणि त्याची उलगडलेली साखळी यांच्या मुक्त ऊर्जेतील (कोणती अवस्था अधिक स्थिर हे ठरवणाऱ्या ऊर्जेतील) फरक बहुधा 20 ते 60 किलोजूल प्रति मोल इतकाच असतो. मग उरलेली ऊर्जा गेली कुठे? ती कुठेच गेली नाही, कारण ती मिळालेलीच नव्हती. उलगडलेल्या साखळीतील ध्रुवीय गट (ज्यांच्यावर अंशतः धन-ऋण प्रभार असतात असे गट) मोकळे नसतात, ते पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात. घडी पडताना ते बंध तुटतात, साखळीच्या आत नवे बंध जुळतात आणि सुटे झालेले पाणीही आपसांत बंध जोडते. बंधांची संख्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच राहते, त्यामुळे निव्वळ लाभ फार थोडा होतो. मात्र एखादा ध्रुवीय गट प्रथिनाच्या गाभ्यात जोडीदाराशिवाय अडकला, तर त्याने पाण्याशी असलेला बंध गमावलेला असतो आणि बदल्यात काहीच मिळवलेले नसते. ही किंमत मोठी असते. म्हणून हायड्रोजन बंध बिनमहत्त्वाचे आहेत असा निष्कर्ष काढू नका. कोणता रेणू कोणाशी, कोणत्या दिशेने जुळेल हे ठरवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

हे एकदा उमगले की विद्युतप्रभारांचे कोडेही सुटते. पाण्याचा पराविद्युत स्थिरांक (निर्वाताच्या तुलनेत माध्यम प्रभारांमधील बल किती पटीने कमी करते तो आकडा) 25 अंश सेल्सिअसला सुमारे 78 असल्यामुळे विरुद्ध प्रभारांमधील आकर्षण पाण्यात तितक्याच पटीने क्षीण होते. उलट, पाण्यापासून दूर असलेल्या गाभ्यात प्रभार बाळगणे महाग पडते. मोकळ्या ग्लुटामिक आम्लाच्या पार्श्वशृंखलेचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडून प्रभारित होतात तो आकडा) 4 च्या आसपास असतो, पण लायसोझाइम या एन्झाइममधील पस्तिसाव्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाचा पीकेए 6 च्या वर जातो. पीकेएचे तक्ते पाठ करून प्रत्येक प्रथिनाला तेच आकडे लावणाऱ्यांनी हे उदाहरण आधी समजून घ्यावे.

हायड्रोफोबिक परिणामाबद्दल, म्हणजे पाण्यात अध्रुवीय गट एकत्र येण्याबद्दल, तर मी स्पष्टच सांगतो: अध्रुवीय गटांना एकमेकांची ओढ असते म्हणून ते एकत्र येतात, हे स्पष्टीकरण अपुरे आहे आणि ते लिहून गुण मिळाले तरी समज येत नाही. रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर कॉझमन यांनी 1959 साली या परिणामाला प्रथिनांच्या स्थैर्याच्या केंद्रस्थानी आणले. सामान्य तापमानाला अध्रुवीय पृष्ठभागाभोवतीच्या पाण्याच्या रेणूंचे दिशास्वातंत्र्य कमी होते. असे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटले की ते पाणी मोकळे होते आणि एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) वाढते. विदर्भातील आणि नंदुरबार परिसरातील अनेक कुटुंबांना परिचित असलेला सिकलसेल आजार याच रसायनाशी निगडित आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते, हे जैवरसायनशास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांच्या कामातून 1957 पर्यंत स्पष्ट झाले. प्रभारित गटाच्या जागी आलेला हा अध्रुवीय गट, ऑक्सिजन सुटलेल्या अवस्थेत, शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूवरील अध्रुवीय खोबणीत बसतो आणि रेणूंचे लांब तंतू तयार होऊ लागतात.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या झेरॉक्स नोट्सवर विसंबणे मला आजही धोक्याचे वाटते. त्यात निष्कर्ष असतात, पण त्यापर्यंत पोचण्याची वाट नसते. आपल्या प्रत्येक उत्तरावर "आधी काय होते?" असे विचारणारा एखादा शिक्षक मिळाला, तर त्याला सोडू नका, मग तो कितीही कडक असो. तसा कोणी नसेल, तर हे काम कागदावर करता येते: प्रत्येक आंतरक्रिया समीकरणासारखी मांडावी, डावीकडे दोन्ही रेणू आपापल्या पाण्यासह लिहावेत आणि उजवीकडे जोडलेला संकुल व सुटलेले पाणी लिहावे. सुरुवातीला हे अतिशय संथ वाटते, पण काही आठवड्यांत हात आपोआप वळतो.

भौतिक रसायनशास्त्राची धास्ती असणाऱ्यांनीही खचून जाऊ नये, कारण सुरुवातीला दोनच आकडे पुरतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या हालचालीची ऊर्जा सुमारे 2.5 किलोजूल प्रति मोल असते, आणि मुक्त ऊर्जेत सुमारे 5.7 किलोजूलचा फरक पडला की समतोल स्थिरांक दहापट बदलतो. एखाद्या उत्परिवर्तनाने बंधनाची मुक्त ऊर्जा तेवढीच घटवली, तरी एन्झाइम आपल्या निरोधकाला (त्याचे काम रोखणाऱ्या रेणूला) दहापट सैल धरते, आणि हा फरक प्रयोगशाळेत सहज मोजता येतो.