टर्की अख्खी नको, कापून भाजा

अख्खी भाजलेली टर्की टेबलावर आली की सगळे आधी फोटो काढतात आणि मग छातीचं कोरडं मांस ग्रेव्हीत बुडवून गिळतात. करणाऱ्याचा हात वाईट असतो असं नाही. छातीचं मांस ७४ अंश सेल्सियसला झालेलं असतं, पुढे ते वाळतच जातं. मांडी आणि तंगडी ७४ ला खायला सुरक्षित असली तरी चिवट लागते. ती ८० ते ८५ पर्यंत गेली, तिथे थोडी रेंगाळली, की मऊ पडते. दोन्ही एकत्र भाजले की कुणाचं तरी वाटोळं होणारच. म्हणून सणाच्या जेवणाला मी टर्की कापूनच करते.

गोठलेली असेल तर फ्रिजमध्येच वितळू द्या, दर दोन किलोंना एक दिवस धरून. जेवणाच्या दोन दिवस आधी कापायला घ्या. धुऊ नका, फक्त कागदाने टिपा. पाय आणि छाती यांच्यामधली कातडी कापा आणि पाय बाहेरच्या बाजूला मागे वाकवा. खुब्याचा सांधा कट्कन निखळतो, तिथून सुरी फिरवा. हाडावर सुरी अडली तर जोर लावू नका, सांधा शेजारीच असतो. पंख असेच काढा. कणा दणकट कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून घ्या. छाती मात्र हाडासकट एकसंध ठेवा.

किलोला १० ग्रॅम मीठ छातीला आणि पायांना चोळून तुकडे न झाकता फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. कातडी सुकली तरच कुरकुरीत होते. पाकिटावर आधीच मिठाचं पाणी टोचल्याचं लिहिलेलं असेल तर मीठ चोळू नका. कणा, मान आणि पंख ओव्हनमध्ये तपकिरी भाजून घ्या आणि कांदा, गाजर, मिरी घालून तीन-चार तास मंद उकळा. झाला स्टॉक.

आदल्या दिवशी पाय करा. तव्यावर कातडी लाल करून घ्या. मग जाड बुडाच्या भांड्यात कांदा-लसणावर पाय ठेवून अर्ध्या उंचीपर्यंत स्टॉक घाला. झाकण लावून १६० अंशांवर दोन तास. हाड हाताने सहज फिरलं की झालं. निवल्यावर त्याच रसात फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चवीला आणखी छान लागतात, शिवाय ऐन वेळी ओव्हनसाठी मारामारी होत नाही.

सणाच्या दिवशी फक्त छाती उरते. लोणी चोळून १६५ अंशांवर ठेवा. अडीच-तीन किलोच्या छातीला दीड ते दोन तास लागतात, पण मी तासाभरानंतर थर्मामीटर खुपसायला सुरुवात करते. घड्याळावर माझा विश्वास नाही. टोक सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता. ७२ दिसले की बाहेर काढा, आतल्या उष्णतेने ती ७४ गाठते. गाठलेत का ते मात्र पुन्हा बघा.

ती अर्धा तास मुरते तेवढ्यात ओव्हन २२० वर नेऊन पाय, कातडी वर करून, आतपर्यंत गरम करा. पायांच्या रसावरची चरबी काढून त्याचीच ग्रेव्ही करा: थोड्या लोण्यात मैदा परता, मग रस हळूहळू ओता. मीठ शेवटी, चाखून, कारण रस आधीच खारट असतो. छातीचा एकेक भाग हाडापासून अख्खा सोडवा आणि मग आडव्या चकत्या पाडा.